तरोट्याची बाजू

पहिला पाऊस पडला की नेरच्या आसपासच्या धुऱ्यांवर तरोटा उगवतो आणि मोबाईलवर रानभाज्यांचे दावे. तरोट्याने खरूज जाते, गुळवेलीने कॅन्सर पळतो, निसर्गातलं आहे म्हणून अपाय नाहीच. यातलं शेवटचं विधान सर्वांत घातक. धोतराही निसर्गातलाच की!

तरोट्याचा भाऊबंद कासविंदा. पश्चिम उत्तर प्रदेशात वर्षानुवर्षे लहान मुलं दगावत, मेंदूज्वर समजून उपचार होत. २००७ च्या सुमारास तिथल्या डॉक्टरांनी दाखवलं, की मुलं कासविंद्याच्या बिया खात होती. तरोट्याच्या पानाला पर्णिकांच्या तीन जोड्या, टोक गोलसर, शेंग बारीक नि वाकडी. कासविंद्याला जोड्या जास्त, टोक अणकुचीदार, शेंग चपटी. भाजी खुडणारी बाई जोड्या मोजत बसत नाही, तिला नजरेनेच कळतं. पुडीतल्या हिरव्या चूर्णात ते कोण ओळखणार?

२०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली: वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, ती दुसरीच असू शकते. हरकत खरी धरली तर माझाच मुद्दा पक्का होतो.

पण म्हणून सगळं थोतांड म्हणणाऱ्यांची बाजू मी घेत नाही. हगवणीवर कुड्याची साल देतात. तिच्यातलं कोनेसीन अमीबावर चालतं, हे प्रयोगशाळेनेच सांगितलं. सर्पगंधेतून १९५२ मध्ये रक्तदाबावरचं रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. मात्र तान्ह्या लेकराला जुलाब झाले तर कुडा नव्हे, आधी ओआरएस आणि दवाखाना.

लोकज्ञान असतं ते ऋतूत, झाडाच्या भागात आणि मापात. तरोटा कोवळा असतानाच खुडायचा, डाळ-कांदा घालून शिजवायचा, ताटात एकदाच वाढून घ्यायचा. चिवळ उन्हाळ्यात बरी, पण मुतखडा असलेल्याने जपून. तिच्यात ऑक्झलेट भरपूर. या मुळात भाज्या आहेत, औषधं नंतर. त्यांना गोळीचा मान देऊ गेलं की माप सुटतं.

आणि रानभाजीचे गोडवे गाणारे नि तिला हसणारे, दोघांच्याही शेताच्या धुऱ्यावर तणनाशक मारलं जातं. त्या धुऱ्यावरची भाजी यंदा खुडू नका, एवढं तरी गावात कोणी सांगतं का?