इशारा पातळी कोणाच्या उंबऱ्याची?

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 40 फुटांवर गेलं की सरकारी भाषेत ती इशारा पातळी, 45 फुटांवर गेलं की धोका पातळी. पावसाळ्यात हे आकडे तासातासाला मोबाईलवर फिरतात. 38 फूट झालं, 39 झालं. म्हणजे अजून इशारासुद्धा नाही. पण तोवर सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोडच्या सखल भागात लोकांनी गाठोडी बांधलेली असतात. काही घरांत पाणी चुलीपर्यंत आलेलं असतं. मग हा इशारा कोणासाठी आहे?

वस्त्यांमध्ये आरोग्याचं काम करताना आम्हांला हा प्रश्न दर वर्षी पडतो. आमचं सरळ म्हणणं आहे की पूर, ऊन आणि दुष्काळ मोजायची सरकारची मापं आपल्या वस्तीच्या जमिनीवरून लावलेली नाहीत. ती उंचावरून लावलेली आहेत. हवामान बदलाच्या नावाने आता नवी धोरणं, नवे आराखडे होत आहेत. त्यांत ही मापं बदलून घेण्यासाठी आपण उभं राहिलं पाहिजे, आणि ते विहारातून उभं राहिलं पाहिजे.

2019 चा महापूर आठवा. आयर्विन पुलाला पाणी 57 फुटांच्या वर गेलं. 8 ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढणारी बोट उलटली. मेलेल्यांत बाया होत्या, लेकरं होती. त्याच आठवड्यात सरकारचा निर्णय आला की ज्यांचं घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्याखाली राहिलं, त्यांना 10 किलो गहू आणि 10 किलो तांदूळ मोफत. लोकांनी त्यावर संताप केला तो रास्तच होता. पत्र्याचं आणि मातीच्या भिंतीचं घर दोन दिवस थांबत नाही. दीड दिवसात भिंत बसते, पीठ, तिखट, लेकरांची पुस्तकं, बीपीच्या गोळ्या सगळं जातं. स्लॅबच्या घरात दोन दिवस पाणी राहिलं तरी वरच्या मजल्यावर चहा होऊ शकतो. नुकसान तासांवर मोजायचं, की माणसाकडे काय उरलं त्यावर?

पंचनाम्याचंही तसंच. उसाचं नुकसान हेक्टरवर मोजलं जातं आणि पैसे सातबारा असणाऱ्याच्या खात्यावर जातात. त्याच उसात भांगलायला जाणाऱ्या बाईची महिना-दीड महिना हजेरी बुडते. तिच्यासाठी पंचनाम्यात रकाना आम्हांला तरी अजून दिसलेला नाही.

आता ऊन. मैदानी भागात कमाल तापमान निदान 40 अंशांवर गेल्याशिवाय हवामान खातं उष्णतेची लाट धरत नाही. ते तापमान सावलीत, मोकळ्या हवेच्या पेटीत मोजतात. जत, आटपाडी, माण, खटावकडची पत्र्याची खोली कोणी मोजत नाही. दुपारचं ऊन माणूस कसंबसं काढतो, पण पत्रा रात्रीही गरम राहिला की शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. ज्याला आधीच मधुमेह आहे, किडनीचा त्रास आहे, जो दारू पितो, तो अशा वेळी पहिल्यांदा कोसळतो. आणि एक गोष्ट आपण घरातसुद्धा बोलत नाही. कामावर आडोसा नाही, संडास नाही म्हणून बाया दिवसभर पाणीच कमी पितात. उन्हाळ्यात लघवीची जळजळ, ताप, पाठीत कळ घेऊन ज्या येतात त्यांना औषध देऊन आम्ही परत त्याच रानात पाठवतो. हे औषधाने बरं होणारं दुखणं नव्हे.

हे सगळं नवीन नाही. 1901 साली बाबासाहेबांचे वडील खटाव तालुक्यात रोखपाल होते. तिथे दुष्काळी काम म्हणून सरकार तलाव खोदत होतं. वडिलांना भेटायला निघालेली लहान मुलं मसूर स्टेशनवर उतरली. जात कळल्यावर गाडीवान गाडी हाकायला तयार होईना, आणि वाटेत नाक्यावर प्यायला पाणी मिळालं नाही. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे. ज्या मुलुखात लोकांना जगवायला सरकार तलाव खणत होतं, त्याच मुलुखात या मुलांना घोटभर पाणी नव्हतं. दुष्काळ सगळ्यांवर पडला होता, पण सगळ्यांवर सारखा पडला नव्हता.

गेली काही वर्षं सांगली-कोल्हापूर भागात अलमट्टी धरणाच्या उंचीवरून मोठं आंदोलन चालू आहे. आज 519.60 मीटरपर्यंत पाणी साठतं. कृष्णा लवादाने 2010 मध्ये 524.256 मीटरला मान्यता दिली. 2019 च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने त्या पुराचा दोष अलमट्टीला दिला नाही; आंदोलनातल्या लोकांना ते मान्य नाही. या वादाचा निकाल या पानावर लागणार नाही. उंचीला विरोध करायला आपली माणसं जरूर जावीत. पण मोर्च्यात आपण संख्येला असतो आणि निवेदनात नसतो, हे आम्ही पाहतो. धरणाची उंची वाढली नाही तरी नदीकाठची, ओढ्याकाठची आपली आळी सखलच राहणार. 2021 च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात 590 मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडला, पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर घरांवर आला. पाऊस असा पडू लागला आहे, तेव्हा फक्त एका भिंतीवर बोट ठेवून भागणार नाही.

निवेदनात आपलं कलम कसं घालायचं, याचा धडा आपल्याच जिल्ह्यात आहे. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर यांच्या पाणी संघर्ष चळवळीने 1993 पासून आटपाडीत परिषदा भरवल्या. कृष्णेचं पाणी दुष्काळी तालुक्यांना द्या, एवढंच त्यांनी मागितलं नाही. ज्याला जमीन नाही त्या घरालाही पाण्याचा वाटा द्या, असं मागितलं. आज कराडजवळच्या टेंभूहून उचललेलं पाणी आटपाडीपर्यंत जातं. भूमिहीनाच्या वाट्याचं काम अजून पुरं झालेलं नाही, पण ती मागणी आता कोणाला वेड्यासारखी वाटत नाही.

आज कायद्याचंही बळ आहे. 21 मार्च 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने माळढोक पक्ष्याच्या खटल्यात सांगितलं की हवामान बदलाच्या वाईट परिणामांपासून मुक्त राहणं हा कलम 14 आणि 21 खाली नागरिकाचा हक्क आहे. कलम 14 म्हणजे समता. 40 फुटांच्या आत ज्याचं घर बुडतं त्याने ही समता मागायची नाही तर कोणी?

मागायचं ते नेमकं मागा. आपल्या वस्तीच्या पहिल्या उंबऱ्याला पाणी लागतं तेव्हा पुलावर किती फूट असतं, तो आकडा वस्तीची इशारा पातळी म्हणून आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यात लिहायला लावा. मदतीची दोन दिवसांची अट पुन्हा येणार नाही, हे लेखी मागा. मजुराच्या बुडालेल्या हजेरीचा रकाना मागा. हवामान बदल आणि आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 2019 पासून आहे. त्यातलं आपल्या जिल्ह्याचं काम काय, हे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना विचारा, आणि पत्र्याच्या घरांचं त्यात काय आहे तेही विचारा. वस्ती विकासाच्या निधीतून आपल्याकडे वर्षानुवर्षं काँक्रीटचे रस्ते झाले. रस्त्यावर रस्ता चढला, घर खाली गेलं, आणि आता साध्या पावसाचं पाणीही आत येतं. तो निधी आधी गटारीला, हातपंपाचा कट्टा उंच करायला आणि पुरात थांबता येईल अशा इमारतीला मागा. ‘माझी वसुंधरा’ अभियानात गावाला पंचमहाभूतांवर गुण मिळतात. बाबासाहेबांच्या ग्रंथात आपण चारच वाचतो, पृथ्वी, आप, तेज, वायू. पण गुण देणारा गावात आला तर त्याला आपल्या गल्लीतलं आप दाखवायला हरकत नाही.

हे काम वर्षावासात जमेल. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात रोज ग्रंथवाचन असतं, आणि पुराचे महिनेही तेच. वाचन झाल्यावर दहा मिनिटं द्या. कोणाच्या दारात पाणी कधी आलं, पुलावर किती फूट होतं, कोणाला ताप आला, कोणाची किती दिवसांची हजेरी बुडाली, हे एका वहीत तारखेनिशी लिहा. ही वही महिलांच्या सभेत वाचा, तिथून 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव करून घ्या, आणि ठरावाची नक्कल हातात आल्याशिवाय उठू नका. शहरात असाल तर नगरसेवक आणि आयुक्तांकडे पोच घेऊन द्या.

तोवर जीव सांभाळायचा आहे. पुराच्या पाण्यातून चालला असाल तर तीन दिवसांच्या आत आरोग्य केंद्रात जा. लेप्टोपासून बचावाची डॉक्सिसायक्लिन तिथून विचारूनच घ्या. गरोदर बाई आणि 8 वर्षांखालच्या लेकरांना ती देत नाहीत, त्यांचं डॉक्टरांना आधी सांगा. पाण्यात मेडिक्लोर टाकून अर्धा तास थांबा. टीबी, बीपी, साखरेच्या गोळ्या आणि उपचाराचं कार्ड आधारकार्डाच्याच प्लास्टिक पिशवीत ठेवा. उन्हात माणूस बरळू लागला, अंग तापलं तर सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, 108 ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

पुनर्वसनाचा विषय निघाला की अधिकारी विचारतात, लोकच उठत नाहीत, त्याला आम्ही काय करणार? लोक उठत नाहीत कारण दाखवलेली जागा कामापासून आठ-दहा किलोमीटर लांब असते. पहाटे पाचला मार्केट यार्डात हमालीला, साडेसहाला चार घरच्या भांड्यांना पोहोचायचं असतं, आणि तिथून त्या वेळी एसटी नाही. जागा दाखवताना एसटीचं वेळापत्रक सोबत आणा, असंही त्या ठरावात लिहा.