मीटर फिरवणे हीही काटामारीच!



उसाची गाडी काट्यावर चढली की आपली नजर आकड्यावरून हलत नाही. पन्नास किलोचा फरक वाटला तरी आपण आवाज उठवतो, आणि तो उठवलाच पाहिजे. बैलबाजारात दात पाहिल्याशिवाय कोणी दाव्याला हात लावत नाही. पण तोच आपला माणूस उसाच्या बिलातून जुनी मोटार घ्यायला शहरात गेला, की मीटरवरच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो. मीही ठेवला, म्हणून हे लिहितो आहे.

गेल्या हंगामाचे बिल जमा झाल्यावर एका गाडीबाजारातून मोटार घेतली. मीटर 46,000 किलोमीटर दाखवीत होता. रंग चकचकीत, गाद्या नव्या. दोन महिन्यांत क्लच गेला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात चेसिस नंबरावरून जुनी नोंद काढली, तर तीन वर्षांपूर्वीच गाडी 1,18,000 किलोमीटर चाललेली! मिस्त्री म्हणाला, "मामा, ब्रेकच्या पायडलाचं रबर तरी बघायचं होतं. पार गुळगुळीत झालंय." लाजेपोटी महिनाभर मी घरातसुद्धा बोललो नाही. माझ्या मते खरे नुकसान तेथेच होते. असा व्यापारी आपल्या अज्ञानावर जेवढा जगतो, त्याहून जास्त आपल्या लाजेवर जगतो.

अमेरिकेत मीटर मागे फिरवण्याविरुद्ध 1972 सालीच केंद्रीय कायदा झाला. आपल्याकडे या एका लबाडीसाठी वेगळा कायदा नाही. म्हणून हात बांधलेले आहेत, असे मात्र नव्हे.

विकणारा व्यापारी असेल तर 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आपल्या बाजूला आहे. गाडी पुण्याला घ्या की संभाजीनगरला, आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे जालन्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. 1986 च्या जुन्या कायद्यात ही सोय नव्हती. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील दिलाच पाहिजे असेही नाही. मुदत मात्र दोन वर्षांची, ती चुकवू नये. "गाडी धंद्यासाठी घेतली, तुम्ही ग्राहक नाही," असे समोरचा म्हणेल. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेले वाहन कायद्याने धंद्यात धरलेले नाही, हे ऊस वाहतुकीसाठी जुना ट्रॅक्टर घेणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. ट्रॅक्टरच्या तासांचा मीटरही फिरवता येतो, बरे का!

गाडी सोयऱ्याकडून किंवा शेजारच्या गावच्या मालकाकडून घेतली असेल तर गोष्ट वेगळी. तो व्यापारी नव्हे, त्यामुळे आयोगाचा उपयोग नाही. तेथे 1872 चा करार कायदा लागतो. फसवून मिळवलेल्या संमतीवरचा व्यवहार रद्द करून मागता येतो, नाहीतर भरपाई मागता येते. दिवाणी दाव्याला फसवणूक कळल्यापासून तीन वर्षे मिळतात. पोलिसांत जायचे तर 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचे कलम 318 आहे, पूर्वीचे चारशेवीस. पण विकणाऱ्याला लबाडी आधीपासून ठाऊक होती, हे तेथे दाखवावे लागते, आणि "हा दिवाणी मामला आहे" हे उत्तर ऐकण्याची तयारी ठेवावी.

सगळे अडते ते पुराव्यापाशी. माझ्या पावतीवर किलोमीटरचा आकडाच नव्हता. मुलाने मोबाइलवरची जाहिरात जपून ठेवली होती, तिच्यात तो होता, म्हणून निभावले. तेव्हा पैसे देण्याआधी मीटरचा आकडा पावतीवर लिहून, सही घेऊन ठेवा. सर्व्हिसची जुनी नोंद मागा. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन सालाचे. गाडी 20,000 चालली म्हणतात आणि चारही टायर गाडीपेक्षा नवे, तर विचारायला नको का? शिवाय 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने परिवहन कार्यालयाचे अधिकारपत्र घ्यायचे आहे, आणि त्याच्या ताब्यात असताना गाडी किती फिरली याची नोंदही ठेवायची आहे. ती दाखवा म्हणावे. तोंड वाकडे केले तर उठून यावे.

माझी नोटीस गेल्यावर व्यापाऱ्याचा फोन आला, "काका, वीस हजार घ्या अन् मिटवा." मी नाही म्हटले. घरच्यांना ते पटलेले नाही, कोर्टाची पायरी म्हणून अजून कुरकुर चालते. तक्रार दाखल झाली आहे, गाडी दारात ताडपत्रीखाली उभी आहे. तक्रारीची नक्कल गट ऑफिसात ठेवली आहे. कोणाला तशी लिहायची असेल तर तेथे येऊन पाहावी.