वजीर पडल्यावर

आमच्या तालुक्याची एक गंमत आहे. कागदोपत्री नाव केळापूरचे, कचेरी मात्र पांढरकवड्याला. केळापूरला जगदंबा नांदते आणि तहसीलदारसाहेब पांढरकवड्याला बसतात. नाव एकाचे नि काम दुसऱ्याचे, ही रीत आमच्या अंगवळणीच पडलेली. तरीही घरच्याच बाबतीत ती ओळखायला मला फार उशीर लागला, त्याची ही हकीकत.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर वेचणीला नुकती सुरुवात झाली होती. आमचे दादा, म्हणजे थोरले बंधू, कापसाने भरलेल्या बंडीवरून घसरले आणि पाय मोडून बसले. यवतमाळला नेले. पायाला प्लास्टर चढले आणि डॉक्टरांनी बजावले, "दोन महिने पाय जमिनीला टेकायचा नाही." दोन महिने म्हणजे आमचा सारा हंगामच!

दादा दवाखान्यातून आले त्याच संध्याकाळी अमेरिकेतल्या भाच्याचा फोन आला. तो म्हणाला, "मामा, हे तर आमच्या क्वार्टरबॅकसारखं झालं!" तिकडच्या फुटबॉलमध्ये हा गडी म्हणजे संघाचा वजीर. चेंडू आधी त्याच्या हाती येतो; कुणाकडे फेकायचा, कुणाला पळवायचे, हे त्या क्षणी तो ठरवतो. न्यूयॉर्कच्या जेट्स संघाने २०२३ साली ॲरन रॉजर्स नावाचा एकोणचाळीस वर्षांचा नामांकित गडी मोठ्या अपेक्षेने आणला. पहिल्याच सामन्यात, चौथ्याच चालीत, त्याच्या टाचेची शीर तुटली. तो सामना संघाने जिंकला खरा, पण हंगामातल्या सतरांपैकी दहा सामने हरला.

मला मात्र रॉजर्स आठवला नाही. आठवला आपला श्रीरामपूरचा झहीर खान. आणि आठवताच थोडी शरमही वाटली.

वाचकांना २०११ सालचा जुलै आठवत असेल. एप्रिलमध्ये आपण वानखेडेवर विश्वचषक जिंकलेला. त्या स्पर्धेत झहीरचे बळी एकवीस. शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीने सर्वांत जास्त. कसोटीतही आपण पहिल्या क्रमांकावर होतो. अशा थाटात लॉर्ड्सवर मालिका सुरू झाली. पहिल्याच दिवशी झहीरने कुक आणि स्ट्रॉस या दोन्ही सलामीवीरांना माघारी धाडले. साडेतेरा षटकांत अवघ्या अठरा धावा दिल्या, आणि मांडीचा मागचा स्नायू धरून तो मैदानाबाहेर गेला. त्या मालिकेत तो पुन्हा दिसलाच नाही. पुढे घोट्याचीही शस्त्रक्रिया झाली.

दुसऱ्या दिवशी खुद्द धोनीने यष्टिरक्षणाचे हातमोजे द्रविडकडे सोपवले आणि स्वतः चेंडू हाती घेतला! घरचा स्वयंपाकी आजारी पडला की यजमानाने पदर खोचून चुलीपुढे बसावे, तसे ते दृश्य. प्रवीणकुमारने जिवाचे रान करून पाच बळी मिळवले, पण पीटरसनने द्विशतक ठोकलेच. तो सामना गेला, मागोमाग उरलेले तीनही गेले. झहीरने लॉर्ड्सवर बारा धावांत गुंडाळलेल्या कुकने एजबॅस्टनला २९४ काढल्या, आणि तिथेच आपला पहिला क्रमांक गेला. एकट्या झहीरवर सारे ढकलणे बरे नव्हे. द्रविड सोडला तर फलंदाजीनेही मान टाकली होती. पण चेंडू कुठे टाकावा हे मिड-ऑफला उभे राहून नव्या पोरांना सांगणारा माणूस गेला, ही उणीव धावफलकात कुठेच दिसत नव्हती.

आणि त्या दिवशी मी काय केले असेल? दूरदर्शन संचासमोर बसून त्या जखमी माणसावर तोंडसुख घेतले. "अंगात दम नव्हता तर उतरला कशाला?" दादा शेजारीच होते. एवढेच म्हणाले, "तो उतरला नसता, तर त्याला तू काय म्हणाला असतास?" मी गप्प बसलो, पण समजलो मात्र नाही.

समजले ते गेल्या वर्षी. दादा खाटेवर पडले आणि घराला एकेक गोष्ट उमगू लागली. कोणत्या मजुराला किती उचल दिली, सालदाराची कोणती कळ राखायची, काट्यावर माप घेताना कुठे नजर ठेवायची, हे सारे एकाच डोक्यात होते. वही होती; पण वहीत आकडे होते, अक्कल नव्हती. पुतण्याने पहिल्याच आठवड्यात एका मजुरीचा हिशेब दोनदा केला. मी रागावलो. वहिनी मात्र शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, त्याला आजवर काट्यापाशी कुणी उभं तरी केलं होतं का?" त्याच दिवशी त्यांच्या तोंडून हेही कळले की महिनाभर दादांच्या गुडघ्यात कळा येत होत्या. वेचणी थांबेल म्हणून ते बोलले नाहीत, आणि आम्ही कुणी विचारले नाही. हुकमाचा एक्का हाती असला की त्यालाही दुखत असेल, हे खेळणाऱ्याच्या ध्यानात राहत नाही.

दुसऱ्या दिवसापासून पुतण्याने आपली खुर्ची दादांच्या खाटेशेजारी नेली. रोज रात्री तासभर शाळा भरू लागली. दादा तोंडाने सांगत, तो लिहून घेई. चुकला की दादा हसत. आजारी माणसाला औषधापेक्षा आपली गरज उरली आहे याचाच गुण अधिक येतो, हे मी तेव्हा पाहिले.

झहीरच्या गोष्टीचाही शेवट असाच आहे, आणि तो आम्हां वैदर्भीयांना विशेष गोड. त्याच २०११ सालच्या नोव्हेंबरात, झहीर संघाबाहेर असताना, खापरखेड्याच्या उमेश यादवने पहिली कसोटी खेळली. कोळसा खाणीतल्या कामगाराचा हा मुलगा कसोटी खेळणारा विदर्भाचा पहिला खेळाडू. डिसेंबरात मेलबर्नला झहीर परतला तेव्हा दोघे एकाच डावात गोलंदाजी करत होते. ती मालिकाही आपण ०-४ अशी गमावली. पण पर्थला उमेशने एका डावात पाच बळी घेतले. झहीर २०१५ साली निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ३११ कसोटी बळी होते. भारतीय वेगवान गोलंदाजांत त्याच्यापुढे एकटा कपिल देव.

यंदा वेचणी पुतण्या पाहतो आहे. दादा काठी घेऊन धुऱ्यावर बसतात. सातबाऱ्यावर नाव अजून दादांचेच. केळापूरचे असते तसे. परवा काट्याशी पुतण्या क्षणभर अडला आणि त्याने धुऱ्याकडे पाहिले. दादांनी नुसती मान हलवली.

मिड-ऑफवरून, असे मला वाटले.