बागेश्रीतला पंचम आणि संगणक



"आपलं संगीत यंत्राला कधीच कळणार नाही," हे वाक्य गाण्याच्या बैठकीनंतर हमखास कानावर येतं, आणि म्हणणारे बहुतेक जण दिवसभर संगणकावरच काम करणारे असतात! मला ही अभिमानाची पळवाट वाटते. बार्सिलोनाच्या पॉम्पेऊ फाब्रा विद्यापीठात २०११ ते २०१७ या काळात झाविएर सेरा यांच्या नेतृत्वाखाली 'कॉम्पम्युझिक' प्रकल्प चालला, तोही युरोपियन निधीवर. त्यातून रागओळखीसाठी ३० हिंदुस्तानी रागांच्या ३०० ध्वनिमुद्रणांचा संच तयार झाला.

नुसते स्वर मोजून राग ओळखता येत नाही, हे आपल्याला ठाऊकच आहे. भूप आणि देशकार, दोन्हींत सा रे ग प ध. पण भूपात गंधार वादी, देशकारात धैवत. भातखंड्यांनी तर एकाला कल्याण थाटात घातलं आणि दुसऱ्याला बिलावलात. २०१६ साली याच गटाने एक युक्ती मांडली: आत्ताचा स्वर आणि क्षणभरानंतरचा स्वर यांची जोडी आलेखावर टिपत जायची. गायक कुठे थांबतो आणि कुठून कुठे कसा जातो, हे दोन्ही त्या चित्रात उमटतं. कल्पना इतकी साधी, की मला तिचा हेवा वाटला.

माझा आक्षेप वेगळाच आहे. संगणकाचं उत्तर ज्याच्याशी ताडून "बरोबर" ठरतं, ते रागाचं नाव कुणीतरी माणसानेच लिहिलेलं असतं. बागेश्रीत पंचम किती घ्यावा, मुळात घ्यावा का, यावर गाणाऱ्यांचं एकमत नाही. संचात एकाच पद्धतीची मुद्रणं भरली, तर दुसऱ्या पद्धतीने गाणारा निकालाच्या तक्त्यात "चूक" म्हणून जमा होण्याचा धोका असतो. बैठकीत रंगणारा वाद तिथे नुसता दोष ठरतो.

आपल्यापैकी अनेकांकडे खासगी मैफलींच्या कॅसेट आहेत. त्या संगणकावर चढवताना फाइलला "बागेश्री १" एवढंच नाव देऊन मोकळे होऊ नका. गायक किंवा गायिका कोण, तालीम कुणाकडे झाली, रागाचं नाव त्यांनी सांगितलं की आपणच ठरवलं, हे लिहा. तबला आणि पेटीवर कोण होतं तेही (साथीदारांना आपण नेहमीच विसरतो). दोन जाणकारांनी दोन नावं सांगितली तर दोन्ही ठेवा, कुणी सांगितलं त्यासकट. आणि शक्यतो एमपी३ नको, वेव्ह फाइल करा. डिस्कवरची जागा आता स्वस्त आहे.