पिल्लू नेमके कुणाकडून आले?

कुत्र्यांविषयीची आपली राष्ट्रीय चर्चा दोन प्रश्नांपलीकडे सहसा जात नाही. भटक्या कुत्र्यांचे काय करायचे, हा पहिला. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिलेला आदेश २२ ऑगस्टला बदलला. कोणत्या जातींवर बंदी घालायची, हा दुसरा. केंद्राने १२ मार्च २०२४ रोजी परिपत्रक काढून तेवीस ‘हिंस्र’ जातींची पैदास व विक्री थांबवण्यास राज्यांना सांगितले आणि एप्रिलमध्ये उच्च न्यायालयांत ते टिकले नाही. घरात आणले जाणारे पिल्लू जन्माला कोण घालतो आणि कोणत्या जबाबदारीने, हा तिसरा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही.

मी रायपूरच्या समता कॉलोनीत राहतो. संध्याकाळी येथील गल्ल्यांतून फिरताना लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, पग हे ओळखीचे चेहरे भेटतात; एखादा सायबेरियन हस्कीही दिसतो. मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जाणाऱ्या शहरात त्या बर्फाळ प्रदेशातील जनावराने दिवस कसा काढायचा, हे त्याच्या विक्रेत्याला विचारायला हवे. याच गल्ल्यांत मला हमखास विचारला जाणारा प्रश्न असा : आमची मादी दीड वर्षाची झाली, एक वेत घेऊन पिल्ले विकली तर काय हरकत आहे?

कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. २०१७च्या श्वानपैदास व विपणन नियमांनुसार विक्रीसाठी पिल्ले घेणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. शुल्क ५,००० रुपये, मुदत दोन वर्षे. मादी किमान १८ महिन्यांची हवी आणि आठ वर्षांनंतर तिच्याकडून पिल्ले घ्यायची नाहीत. लागोपाठच्या दोन माजांत तिला गाभण करायचे नाही आणि आयुष्यभरात पाचपेक्षा अधिक वेते घ्यायची नाहीत. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकायचे नाही. विकताना त्याचे लसीकरण झालेले आणि मायक्रोचिप बसवलेली असावी.

आता हिशेब मांडू. मादी साधारणतः वर्षातून दोनदा माजावर येते. म्हणजे १८ महिने ते आठ वर्षे या साडेसहा वर्षांत सुमारे तेरा संधी. नियम पाळणारा त्यांपैकी जास्तीत जास्त पाच वापरणार. न पाळणारा शक्य तितक्या. प्रामाणिक माणसाच्या पदरी एका मादीमागे निम्म्याहून कमी वेते पडतात आणि वर पशुवैद्य, लसी, चिप, नोंदणी यांचा खर्च. ग्राहक मात्र दोघांच्या पिल्लांची तुलना मोबाइलवरचे छायाचित्र आणि किंमत पाहूनच करतो. या बाजारात सचोटी हा निव्वळ तोटा ठरतो. आणि शिक्षेचा धाक? १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये!

नियमांचे पालन म्हणजे चांगली पैदास, असेही नाही. लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्ड यांच्यात खुब्याच्या सांध्याचा दोष आनुवंशिक असतो. पिल्लू गोंडस दिसते, धावते, आणि वर्ष-दोन वर्षांनी लंगडू लागते; तोवर विक्रेता फोनही उचलत नाही. आई-बापांचे क्ष-किरण चित्र हा त्यावरचा ठाऊक असलेला उपाय आहे. पण अमेरिकेत या सांध्यांना अंतिम प्रमाणपत्र दोन वर्षांच्या वयाआधी मिळत नाही. आपला नियम दीड वर्षालाच परवानगी देतो. चपट्या नाकाच्या पगचा श्वास तर त्याच्या दिखाऊ ठेवणीतच कोंडलेला आहे. केनेल क्लबचा वंशावळीचा कागद कूळ सांगतो, प्रकृती नव्हे, हे लक्षात न घेताच लोक तो कागद मिरवतात.

स्वभावाचेही तेच. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तीन महिन्यांपर्यंत पिल्लू माणसे, आवाज आणि इतर कुत्री यांच्याशी जुळवून घ्यायला शिकते; दात किती जोराने लावावा हे ते आई-भावंडांकडूनच शिकते. महिन्याभरात आईपासून तोडलेले पिल्लू ज्या घरात जाते, तेथील लहान मुलाला त्याची किंमत मोजावी लागू शकते. जुलै २०२४मध्ये याच शहरातील अनुपम नगरात सामान पोहोचवायला आलेल्या माणसावर एका घरच्या पिटबुलांनी हल्ला केला, तेव्हा चर्चा मालक आणि जात यांच्यापाशीच थांबली. निष्काळजी मालकासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. पैदास करणाऱ्यापर्यंत ते पोचतच नाही.

उलट उदाहरणही आपल्याच मातीत आहे. घोरपडे संस्थानिकांच्या आश्रयाने नावारूपाला आलेल्या मुधोळच्या शिकारी कुत्र्यासाठी कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाने तिम्मापूर येथे संशोधन केंद्र चालवले आहे. सार्वजनिक संस्था पैदाशीत लक्ष घालू शकते, याचा तो पुरावा. छत्तीसगडमध्ये दुर्गजवळ अंजोरा येथे कामधेनू विद्यापीठ आहे. तेथे पैदाशीच्या कुत्र्यांची सांधे व हृदयतपासणी माफक दरात करून निकाल चिपच्या क्रमांकाशी जोडता येईल.

बंदीपेक्षा मला हा मार्ग अधिक उपयोगाचा वाटतो. त्याच्या जोडीला राज्य मंडळाने नोंदणीकृत पैदासकारांची यादी कुणालाही पाहता येईल अशी खुली ठेवावी आणि नोंदणी क्रमांक नसलेली पिल्लांची जाहिरात समाजमाध्यमांनी उतरवावी. विचारणाऱ्या शेजाऱ्यांना मी सध्या एवढेच सांगतो : आधी मादीच्या खुब्याचे चित्र काढा, दोन वर्षे पूर्ण होऊ द्या, आणि घर न मिळालेले किंवा परत आलेले पिल्लू स्वतः सांभाळायची तयारी असेल तरच नर शोधा. बहुतेकजण तिसरी अट ऐकून मादीची नसबंदी करून घेतात.