लिंबूटिंबूचा न्याय

खेळात तुल्यबळ भिडू लाभणे हे भाग्य खरे. परंतु एकत्र कुटुंबात ते क्वचितच वाट्यास येते. आजोबांचे गुडघे, नातवाचा उतावळेपणा, मधल्या पिढीची घमेंड, ही सारी एकाच अंगणात उतरतात. त्यांचा मेळ बसावा म्हणूनच आपल्याकडे 'लिंबूटिंबू' ही संस्था निर्माण झाली असावी. लिंबूटिंबूने खेळावे, धावावे, वाटेल तितके ओरडावे. मात्र त्याने बाद व्हावयाचे नाही, आणि त्यास अन्याय म्हणून कोणी हरकतही घ्यावयाची नाही. गोल्फ नावाच्या साहेबी खेळाविषयी मला जे थोडेसे ममत्व वाटू लागले आहे, ते त्या खेळातही ही संस्था, हिशेबाची वही काखेत घेऊन का होईना, सुखाने नांदते असे आढळल्यामुळे.

आम्हा खानदेशकरांस गोल्फ ठाऊक तो बहुधा नावापुरता. नाशिकला ज्यास लोक अद्यापि 'गोल्फ क्लब मैदान' म्हणतात, त्याचे आजचे नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असून तेथे क्रिकेट चालते. पण हल्ली धुळ्या-जळगावची मुले पुण्या-बंगळूरास आणि परदेशी नोकरीस जातात व तिकडून हा खेळ शिकून येतात. माझा पुतण्या असाच पुण्यात शिकला. शिकला तो चांगला शिकला. त्याबद्दल वाद नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याने आपल्या वडिलांना, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंना, एका रविवारी पुण्याच्या मैदानावर नेले. "सहज एक फेरी मारू, बाबा," एवढेच तो म्हणाला होता. ही सहज फेरी अठरा खळग्यांची, चारेक तासांची. दादांचे वय बहात्तर. हातात काठी धरली असेल ती चालण्याची. तिसऱ्या खळग्याशी पोहोचेपर्यंत त्यांचे अकरा फटके झाले आणि चिरंजीवांनी ते मोठ्याने मोजले. वाईट हेतूने नव्हे. त्या खेळात मोजतातच. चौथ्यावर तो मायेने म्हणाला, "बाबा, तुम्ही आता नुसते बरोबर चला." दादा चालले नाहीत. ते एका बाकावर बसले व फेरी संपेपर्यंत बसून राहिले. धुळ्यास परतल्यावर त्यांनी मजजवळ एवढेच उद्गार काढले, "हिरवळ फार सुरेख राखली आहे हो." मात्र त्यानंतर मुलगा घरी आला असता संध्याकाळी त्याच्याबरोबर पांझरेकाठी फिरावयास जाण्याचेही त्यांनी सोडले. हे मला वहिनींकडून कळले.

तेव्हा मी, सेवानिवृत्त मनुष्याच्या चिकाटीने, या खेळाचे नियम वाचावयास घेतले. वाचता वाचता मला पुतण्याचा राग येईनासा झाला व त्याच्या मास्तरांचा येऊ लागला. कारण खेळ रंगतदार करण्याच्या साऱ्या युक्त्या त्या खेळातच पूर्वीपासून आहेत. त्यास कोणी त्या सांगितल्याच नव्हत्या.

पहिली युक्ती लिंबूटिंबूचीच. तीस तिकडे 'हँडिकॅप' म्हणतात. खेळाडूच्या मागील फेऱ्यांवरून त्याची सूट ठरते व तितके फटके त्याच्या बेरजेतून वजा होतात. २०२० पासून याकरिता सर्व जगात एकच पद्धत लागू झाली असून तीत ही सूट ५४ पर्यंत जाऊ शकते. म्हणजे अठरा खळग्यांच्या फेरीत दर खळग्यास तीन फटके माफ! अशी सोय असता नवशिक्या वृद्धास आणि मुरलेल्या तरुणास एकाच मापाने मोजणे, आणि वर त्यास 'सहज' म्हणणे, हा मला तरी निर्दयपणा वाटतो.

दुसरी युक्ती मोजण्याची. फ्रँक स्टेबलफर्ड नावाच्या इंग्रज शल्यवैद्याची ही गुणपद्धती लिव्हरपूलजवळील वॉलसी येथे १९३२ साली स्पर्धेत प्रथम वापरली गेली. तीत एकंदर फटक्यांची बेरीज करावयाची नाही. प्रत्येक खळग्यास निपुण खेळाडूस किती फटके लागावेत ते ठरलेलेच असते. सूट वजा जाता तितक्यात चेंडू आत गेला तर दोन गुण. एक फटका अधिक लागला तर एक. एक कमी लागला तर तीन. दोन किंवा अधिक फटके जास्त झाले की शून्य, आणि शून्याखाली काही नाही. म्हणजे एखाद्या खळग्यावर अगदी दैना उडाली, तर चेंडू मुकाट्याने खिशात घालून पुढे निघावे. दादांचे ते अकरा फटके या हिशेबात केवळ एक शून्य ठरले असते.

तिसरी युक्ती मला सर्वांत प्रिय. दोघांनी मिळून एकच चेंडू पाळीपाळीने मारावयाचा. एकाने लांब टोलवावा, दुसऱ्याने तो जेथे पडला असेल तेथून पुढे न्यावा. चेंडू एक, चुका दोघांच्या. ही तर एकत्र कुटुंबाचीच रीत झाली.

गतवर्षी आखाजीस लेकी माहेरी आल्या, पुतण्याही रजा घेऊन आला. धुळे-जळगाव रस्त्यावर पारोळ्यापलीकडे आमचे वडिलोपार्जित शेत आहे. कापूस निघून गेलेला, रान मोकळे. तेथे पहाटे साडेपाचास आम्ही सहा खळग्यांचे मैदान मांडले. सहाच का, असे पुतण्याने विचारले. मी त्यास सांगितले की सेंट अँड्रूजला १७६४ पर्यंत फेरी बावीस खळग्यांची होती, ती त्या साली अठरावर आली. तेव्हा आकडा काही वेदवाक्य नव्हे, आणि आठ वाजता ऊन आपली फेरी आपणच संपवील. खळग्याचा व्यास नियमाने सव्वाचार इंच. आम्ही तांब्या सहज बसेल एवढे खणले, कारण काळ्या ढेकळांत चेंडू सरळ जाणे हेच नवल. निशाणे पऱ्हाट्यांची. खळग्यांस क्रमांक देण्याचे काम दादांनी आपण होऊन केले. गल्ल्यांना आकड्यांनी ओळखणाऱ्या धुळ्यात त्यांचा जन्म गेलेला आहे.

चेंडू सरावाचे, पोकळ प्लास्टिकचे घेतले. हे वाचकांनी आवर्जून ध्यानात ठेवावे. खरा चेंडू पोराच्या कपाळी बसला तर खेळ जन्माचा संपेल. काठ्याही तीनच. नियम चौदांची मुभा देतो, पण तीन असल्या की विचार कमी करावा लागतो व हसणे अधिक होते. शिवाय एक स्थानिक कायदा करावा लागला. उन्हाळ्यात काळ्या रानास भेगा पडतात, त्यांत चेंडू गडप होतो. तेव्हा भेगेत गेलेल्या चेंडूस दंड नाही, बाजूस नवा ठेवावा. मैदानाच्या मूळ नियमांतही दुरुस्तीखालील जागेस अशीच माफी असते, हे पुतण्यास मान्य करावे लागले.

जोड्या तीन. माझी लेक व तिचा दहा वर्षांचा मुलगा. वहिनी व मी. दादा व त्यांचे चिरंजीव. दर खळग्यास चार फटके ठरले, नातवाच्या जोडीस एक अधिक. हरणाऱ्या जोडीने दुपारी वीस पानांसाठी आमरस काढावयाचा. वहिनींनी पदर खोचून पहिलाच फटका असा हाणला की सालदार पाहतच राहिला.

दादांचा हात लांब फटक्यास चालत नाही, पण लहानपणी गोट्यांत त्यांनी आम्हा सर्वांना नागवले होते. खळग्यापासून पाच-सहा पावलांवर ते वाकले की चेंडू आत गेलाच म्हणून समजावे. तिसऱ्यापर्यंत पितापुत्र आघाडीवर होते. सहावा खळगा विहिरीजवळ. तेथे पुतण्याने अंगातले सारे बळ काढले आणि चेंडू बांधापलीकडे पऱ्हाट्यांच्या ढिगात गेला. दादांनी फटका मारला. तो हललाच नाही. पुतण्याने बाहेर काढला, दादांनी जवळ आणला, पुतण्या चुकला. "पाच," तो सवयीने मोठ्याने म्हणाला, आणि एकदम थांबला.

"पाचापुढे मोजावयाचे नाही असे ठरले आहे ना?" दादा म्हणाले. "उचल चेंडू."

एका गुणाने नातवाची जोडी जिंकली. पितापुत्र आमच्याही मागे पडले. दुपारी ओसरीवर दोघे पाटावर बसून आंबे पिळीत होते. आंबा आधी कसा माचवावा हे दादा त्यास दाखवीत होते, आणि त्याच्या हातून कोय दोनदा निसटली. संध्याकाळी दोघे पायी गावापर्यंत गेले. परतावयास दिवेलागण झाली.

जूनमध्ये पेरणीपूर्वी सालदाराने धुळ्यास फोन करून विचारले, वखर चालवताना ते खड्डे बुजवावे काय. दादांनी सांगितले, पाच बुजव. विहिरीजवळचा तसाच राहू दे.