घरची शाळा आणि आजी-आजोबांची प्रकृती

आई-वडील नोकरीवर, बालवाडीला सुटी किंवा प्रवेशाला अवकाश. अशा वेळी तीन ते सहा वर्षांच्या नातवंडांचे शिक्षण पुष्कळ घरांत आजी-आजोबांकडे येते. ‘मूल पाच मिनिटे एका जागी बसत नाही’ आणि ‘संध्याकाळपर्यंत आम्ही थकून जातो’ या दोन्ही तक्रारींचे मूळ बहुधा एकच असते. घरात शाळेचे वेळापत्रक आणण्याचा अट्टहास.

या वयाच्या मुलाला तासिका नको, ठरावीक क्रम हवा. न्याहारीनंतर गोष्ट, मग खेळ, मग जेवण आणि झोप. घड्याळ न कळणाऱ्या मुलाला हा क्रमच दिवस समजावून देतो.

दिनक्रम आखताना कागदावर प्रथम आपल्या औषधांच्या व जेवणाच्या वेळा लिहाव्यात. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेतल्यावर नातवाला भरवण्याच्या नादात आपले जेवण लांबले, तर रक्तातील साखर एकाएकी उतरू शकते. घाम, थरथर, भोवळ ही तिची लक्षणे. घरात सोबतीला केवळ लहान मूल असेल, तर प्रसंग बिकट होतो. म्हणून दोघांची ताटे एकाच वेळी वाढावीत.

सकाळी कोवळ्या उन्हात अर्धा तास अंगणात किंवा गच्चीवर घालवावा. बाहेरचा उजेड मुलांच्या दृष्टीलाही हितकारक असतो. न्याहारीनंतर पंधरा-वीस मिनिटे चित्रे व गोष्ट. पुढे घरकामातच गणित असते: बटाटे मोजणे, चमचे लावणे, लहान-मोठ्या वाट्या रचणे. कडधान्ये व मणी मात्र देऊ नयेत. मुले ती नाकाकानात घालतात. दुपारी दोघांनीही विश्रांती घ्यावी. संध्याकाळी बडबडगीते आणि पाटीवर रेघोट्या. गुडघे दुखत असल्यास आपण खुर्चीवर बसावे, मुलाला पाटावर बसवावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल आणि १० ते १३ तास झोप हवी. मोबाईल-दूरदर्शनसमोरील बैठक एका तासापेक्षा अधिक नको. म्हणजेच खेळ हाही अभ्यासच. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत शंख-शिंपले, पाने, बिया यांनाच शैक्षणिक साधने बनवले होते.

एक दक्षता अत्यावश्यक. आपली औषधे उंच, बंद कपाटात ठेवावीत. मधुमेहाच्या काही गोळ्यांपैकी एकही लहान मुलासाठी घातक ठरू शकते. मुलाने गोळी गिळल्याची शंका आली, तरी उलटी करवू नये. ते ठीक दिसत असले तरी औषधाचे पाकीट घेऊन तातडीने रुग्णालय गाठावे.

आठवड्यातून एक दिवस ही जबाबदारी मुलगा-सुनेने किंवा लेक-जावयाने घ्यावी, हे त्यांना निःसंकोच सांगावे. एखाद्या दिवशी पाटी कोरी राहिली तरी बिघडत नाही; आपले औषध-जेवण मात्र चुकू नये.